फळं घातलेला बेक्ड फ्रेंच टोस्ट मधे ओला का राहतो?

वरून छान तांबूस, कडेला कुरकुरीत, आणि मधोमध चमचा घातला की खाली लगदा. दूध-अंड्यात भिजवलेला ब्रेड फळं घालून बेक केला की येणारी ही तक्रार महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की सुरू होते आणि आंबा संपेपर्यंत चालते. आमच्या सोसायटीत आणि नात्यात ज्यांच्याकडे ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) आहे, त्यातल्या बहुतेकांचा हा पदार्थ मी कधी ना कधी निस्तरला आहे. जो तो आधी ओव्हनला दोष देतो आणि ‘अजून दहा मिनिटं ठेवू’ म्हणतो. ओव्हनमध्ये दोष निघतो तो क्वचित. बहुतेक वेळा घोळ असतो पाण्याच्या हिशेबात: ब्रेडमध्ये आधीच किती होतं, दुधातून किती आलं, आणि फळाने बेक होता होता किती सोडलं.

पुढचं सगळं मी या मापाला धरून लिहिते आहे: ३०० ग्रॅम ब्रेड (स्लाइसच्या १० ते ११ चकत्या), ५ अंडी, ३७५ मिली दूध, ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, २०० ते २५० ग्रॅम फळं. भांडं २३ सेंटिमीटरचं चौकोनी, ५ सेंटिमीटर खोल. १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. चारपाच जणांचा रविवारचा नाश्ता होतो.

आधी लक्षणं: ओलं कुठल्या प्रकारचं आहे?

‘ओला राहिला’ या एकाच तक्रारीत चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. त्यातल्या एकावरच जास्त बेक करणं हा उपाय आहे, म्हणून इथे घाई करू नका. भांड्याच्या बरोबर मध्यात सुरी घाला, दहा सेकंद थांबा, बाहेर काढा आणि पात्याकडे नीट बघा.

पात्यावर दुधाळ, चिकट थर आला आणि भांडं हलवल्यावर मधला भाग लाटेसारखा हलला, तर मिश्रण कच्चं आहे. अंडं अजून धरलेलं नाही. हा खाऊ नका.

पातं जवळपास स्वच्छ, पण ओलं. ब्रेड शिजलेला, आणि भांडं तिरकं केलं की तळाशी गुलाबी किंवा पिवळसर, पातळ पाणी जमतं: हे फळाचं पाणी. पदार्थ शिजलेला आहे. त्याला पुन्हा आत ढकललं की कडा वाळतात आणि पाणी आहे तिथेच राहतं.

आतून बारीक छिद्रं, भुर्जीसारखे दाणे, अंड्याचा उग्र वास आणि त्यातून झिरपणारं निवळीसारखं पाणी: हा जास्त शिजला आहे. अंड्यातली प्रथिनं गरजेपेक्षा जास्त आवळली गेली आणि त्यांनी धरून ठेवलेलं पाणी बाहेर पिळलं गेलं. गंमत म्हणजे ‘ओला आहे’ म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवलेले टोस्ट बहुतेक याच गटात येऊन पोचतात.

चौथा प्रकार, पाणी कुठेच नाही, अंडं धरलेलं आहे, पण ब्रेडचा घास लागत नाही. सगळा एकजीव गोळा. हा दोष ब्रेडचा.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका. नवा थर्मामीटर मागवून झाल्यावर दोष ओल्या ब्रेडचा निघाला, असं होतं.

१. आधी थांबा

ओव्हनमधून काढल्या काढल्या टोस्ट फुगलेला असतो. ती वाफ आहे. ती निघून गेली की तो थोडा बसणारच. त्या दहापंधरा मिनिटांत आतलं तापमान दोनचार अंश आणखी चढतं, मिश्रण घट्ट होतं आणि सुटलेलं थोडंफार पाणी ब्रेड परत ओढून घेतो. गरम असतानाच कापून ‘कच्चा आहे’ असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरी घालून बघा. काही घरांमध्ये माझं काम इथेच संपलेलं आहे. मात्र पहिल्याच सुरीला दुधाळ थर आला असेल तर वाट बघत बसू नका, तो परत शिजायलाच हवा.

२. ब्रेड खरोखर वाळलेला होता का?

निम्म्याहून जास्त वेळा चोर इथे सापडतो.

फ्रेंच टोस्ट मुळात शिळ्या पावाचा पदार्थ. पण आपल्याकडे ‘शिळा’ म्हणजे पिशवीत बांधून ठेवलेला कालचा ब्रेड. तो हाताला कडक लागतो, कारण त्यातला स्टार्च घट्ट झालेला असतो. त्यातलं पाणी कुठेच गेलेलं नसतं. साध्या स्लाइस ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं, म्हणजे आपल्या ३०० ग्रॅममध्ये शंभर ग्रॅमच्या वर. ती जागा रिकामी झाल्याशिवाय दूध-अंडं आत शिरणार कुठे? मग ते बाहेरच राहतं आणि तळाशी साचतं. शाही तुकडा पाकात आणि रबडीत बुडूनही लगदा होत नाही, कारण ब्रेड आधी तुपात तळून त्यातलं पाणी पळवलेलं असतं.

तुकडे करा, ट्रेमध्ये एका थरात पसरा, ओटीजी १२० अंशांवर ठेवून १५ मिनिटं वाळवा. रंग बदलायला नको, फक्त वरचा भाग रखरखीत व्हायला हवा. घरात वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर तोला: ३०० चे २६५-२७० झाले की पुरे. उन्हाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवलं तरी चालतं. पावसाळ्यात नको. कोकणपट्टीच्या जुलैमध्ये उघडा ठेवलेला ब्रेड वाळत नाही, सादळतो.

कुठला ब्रेड? लादीपाव आणि मिल्क ब्रेड फार मऊ, त्यांचा चौथ्या प्रकारचा गोळा होतो. घ्यायचेच असतील तर वर सांगितल्यापेक्षा पाच मिनिटं जास्त वाळवा. ब्रून पाव किंवा गोव्याकडचे पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे, म्हणजे गोल कडक पाव, यासाठी झकास. कवच जाड असतं, दुधात भिजलं तरी आकार धरून राहतं. माझी पहिली पसंती ब्रूनलाच.

३. दूध-अंड्याचं प्रमाण

एका अंड्याला ७५ मिली दूध, हे माझं माप. नुसतं कस्टर्ड असतं तर १२५ मिलीपर्यंत धरलं असतं, पण इथे फळाचं पाणी येऊन मिसळणार आहे, त्याची जागा आधीच सोडायला हवी. ‘अंड्याचा वास नको’ म्हणून एक अंडं कमी आणि दूध वाटीभर जास्त, ही घरोघरची सुधारणा थेट कच्च्या मध्याकडे नेते. वासासाठी वेलची, दालचिनी, व्हॅनिला आहेत.

अंडी गावठी वापरता का, हेही मी हमखास विचारते. पोल्ट्रीचं अंडं ५० ते ५५ ग्रॅमचं, गावठी बहुतेक ४० च्या आसपास. पाचच्या ठिकाणी पाच गावठी अंडी घातली तर एका अंड्याहून जास्त घट्टपणा कमी पडतो. सहा किंवा सात घ्या.

दूध तापवून गार केलेलं घ्या आणि साय गाळून काढा, नाहीतर वर सायीची लक्तरं दिसतात. साखरेऐवजी गूळ घालणाऱ्यांनी तो थंड दुधात विरघळवावा. गरम दुधात काही गूळ दूध फोडतात.

आणि ही फुकटातली सर्वांत उपयोगी तपासणी: मिश्रण ओतून अर्धा तास झाला की भांडं एका बाजूला तिरकं करा. कोपऱ्यात चमचा-दोन चमचे जमलं तर ठीक. डाव भरेल इतकं जमलं तर ते काढून घ्या. त्या मिश्रणाची हळहळ वाटत असेल तर दोन ब्रेडच्या चकत्या बुडवून तव्यावर टाका.

४. फळ

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं. अडीचशे ग्रॅम स्ट्रॉबेरी म्हणजे सव्वादोनशे मिली पाणी, आपण घातलेल्या दुधाच्या निम्म्याहून जास्त. सगळं सुटत नाही, पण बरंच सुटतं. त्यात फळं चिरून साखर लावून ठेवली असतील तर साखर ते पाणी ओढून काढते. भांड्यात जाण्याआधीच फळ पाझरायला लागतं. म्हणून साखर दुधात घाला, फळाला लावू नका. धुतलेली फळं फडक्यावर कोरडी करा. चिरणं अगदी शेवटी.

जागाही महत्त्वाची. ब्रेडच्या दोन थरांमध्ये फळांचा थर दिला की वाफेला वाट मिळत नाही आणि बरोबर मधेच तळं होतं. एक तृतीयांश फळं आत विखरून घाला, बाकीची वर पसरा. वरच्या फळांचं पाणी उडून जातं आणि चव उलट दाट होते.

फळागणिक स्वभाव वेगळा आहे. केळं सर्वांत भरवशाचं, पाणी कमी आणि स्टार्च जास्त. पिकलेला चिकूही चांगला वागतो. हापूसच्या फोडी चालतात, आमरस चालत नाही. डब्यातला आमरस घालायचाच असेल तर तो द्रव धरा आणि तेवढं दूध कमी करा. सफरचंद आणि पेअर उलट्या जातीचे: फारसं पाणी सोडत नाहीत, पण चाळीस मिनिटांत शिजतही नाहीत; लोण्यावर पाच मिनिटं परतून घ्या. द्राक्षं अख्खी ठेवली तर फुटून उडतात, चिरली तर पाणी सोडतात. नाशिककरांची क्षमा मागून, ती ताटात बाजूला ठेवा. फ्रीझरमधली फळं वितळवू नका. बर्फाच्या कणांनी पेशी फुटलेल्या असतात, सगळा रस बाहेर येतो. गोठलेलीच वर पसरा आणि आठदहा मिनिटं जास्त धरा.

अननस, पपई, किवी आणि ताजं अंजीर कच्चं घालू नका. यांच्यात प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. रात्रभर दूध-अंड्यात पडून राहिली तर दूध कडू होतं आणि मिश्रण धरायला अडचण येते. अननस आवडत असेल तर कढईत पाच मिनिटं चांगला उकळवा, म्हणजे ते द्रव्य निकामी होतं. डब्यातला अननस आधीच शिजवलेला असतो, तो निथळून घातला तर चालतो.

फार रसाळ फळ असेल तर माझी युक्ती कॉर्नफ्लोरची. अडीचशे ग्रॅम फळाला एक चहाचा चमचा, पण गॅसवर, फळाबरोबर एक उकळी येईपर्यंत शिजवून. कच्चं कॉर्नफ्लोर फळांवर भुरभुरवून ओव्हनमध्ये ठेवणारे फसतात. ते नीट दाट व्हायला ९० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि टोस्टचा मध्य तितका तापला तर अंडं फुटतं.

५. रात्री भिजवलं होतं का?

रविवारी सकाळी उशिरा उठायचं म्हणून शनिवारी रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवणं चांगलंच आहे, वाळलेला ब्रेड सगळं मिश्रण पिऊन घेतो. पण फळं सकाळी घाला. आणि फ्रिजमधलं भांडं थेट ओव्हनमध्ये गेलं तर मध्य चारपाच अंशांपासून तापायला सुरुवात करतो, कडा तयार झाल्या तरी मधे कच्चं राहतं. काचेचं भांडं असेल तर ते तडकण्याचीही भीती. अर्धा तास बाहेर ठेवा. त्याहून जास्त नको, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. कच्चं अंडं घातलेलं दूध आहे ते.

६. भांडं, जाळी, फॉइल

खोल भांड्यात ढीग केला तर मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो आणि तोवर कडा जळतात. थराची उंची चारपाच सेंटिमीटरच्या पुढे नको. माणसं जास्त असतील तर दोन भांडी करा.

लहान ओटीजीत वरचा रॉड टोस्टच्या डोक्यावरच असतो. वीस मिनिटांत वरचा रंग येतो आणि ‘झाला’ असं वाटतं. भांडं खालच्या जाळीवर ठेवा, दोन्ही रॉड चालू आहेत ना बघा (फक्त वरचा चालू राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे), पहिली २५ मिनिटं फॉइलने सैल झाका, मग काढा. फॉइल रॉडला टेकू देऊ नका. आधी ओव्हन पंधरा मिनिटं रिकामा तापवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सुट्टीच्या दिवशी सगळे गाळतात. मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन असेल तर मोड कन्व्हेक्शनच, म्हणजे गरम हवेने बेक करणारा, आहे याची खात्री करा. मायक्रोवेव्ह मोडमध्ये कुठे रबर आणि कुठे कच्चं, असं विचित्र शिजतं.

७. आता थोडा खर्च: थर्मामीटर

काही शे रुपयांत दोन थर्मामीटर येतात. खुपसायचा थर्मामीटर मध्यात घाला: ७७ ते ८० अंश झाले की बाहेर काढा. अंड्याचे पदार्थ आतून किमान ७१ अंशांपर्यंत जावेत, अशी अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आहे, तेव्हा त्याखाली खाणं नको. ८५ च्या पुढे गेलं की तिसऱ्या प्रकारचं पाणी सुटायला लागतं. एवढ्या अरुंद पट्ट्यात अंदाजाने बसणं कठीण, म्हणून हा खर्च मला पटतो.

दुसरा, ओव्हनमध्ये ठेवायचा. बटण १८० वर, वीस मिनिटं तापवून मग दर पाच मिनिटांनी तीनचार वाचनं घ्या. ओटीजीचा थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) रॉड बंद-चालू करत राहतो, त्यामुळे वाचन वरखाली होणारच, सरासरी बघा. दहापंधरा अंशांचा फरक असेल तर बटण तेवढं पुढे-मागे करा आणि विसरून जा.

८. घरातला विजेचा दाब

हे फार कुणी तपासत नाही. रविवारी सकाळी एकीकडे गिझर, दुसरीकडे इस्त्री आणि वॉशिंग मशीन. व्होल्टेज २३० ऐवजी १९० पर्यंत उतरलं तर रॉडची उष्णता त्या प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात घटते: १५०० वॉटचा ओव्हन हजाराच्या जरा वर काम करतो. तापायला वेळ लागतो, दार उघडलं की सावरायला आणखी वेळ. गिझर बंद असताना एकदा करून बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

इथे हात थांबवा

पुढच्या गोष्टींना घरगुती उपाय नाही. पेचकस हातात घेऊ नका, व्हिडिओ बघून मागचं झाकण काढू नका.

प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागतं, काळं पडलंय, प्लास्टिकचा वास येतो: ओव्हन बंद करा, बोर्डावरचं बटण बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर त्या सॉकेटवर काहीही लावू नका. ओटीजीला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जुळवणी करून, किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवलेला ओव्हन पुढेमागे हेच करतो.

ओव्हनच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, किंवा लावल्या लावल्या एमसीबी वा ईएलसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारी बटणं) पडतो: वापर तिथेच बंद. पावसाळाभर न वापरलेल्या ओव्हनच्या रॉडमध्ये दमटपणा शिरून करंट गळू शकतो. ‘चारदा चालू-बंद केलं की होतं सुरू’ हा सल्ला शेजारून येईल, तो ऐकू नका.

एक रॉड तापतच नाही, १८० वर ठेवून तापमान थांबतच नाही, किंवा थर्मामीटरचा फरक २५-३० अंशांच्या वर आणि दर वेळी वेगळा: थर्मोस्टॅट किंवा रॉड गेला. दाराची काच तडकली असेल किंवा दार नीट मिटत नसेल, तरीही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचाच माणूस. त्याला ‘नीट बेक होत नाही’ एवढंच सांगू नका. कुठल्या मोडवर, बटण कितीवर, किती मिनिटांनी थर्मामीटर काय दाखवतो आणि कुठला रॉड लाल होत नाही, हे कागदावर लिहून द्या. नाहीतर तो दहा मिनिटं रिकामा चालवून ‘चांगला आहे’ म्हणून जातो.

आणि कच्च्या मध्याचा टोस्ट खाऊन कुणाला ताप, जुलाब, उलट्या सुरू झाल्या, तर घरचे उपाय करत बसू नका. लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आजचा टोस्ट वाचवायचाय?

कच्चा असेल तर चौकोनी तुकडे कापा, तव्यावर लोणी सोडा, मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी चारचार मिनिटं. ओव्हनपेक्षा हे लवकर होतं. फळाचं पाणी असेल तर भांडं तिरकं करून ते कढल्यात ओता, चमचाभर साखर घालून निम्मं होईपर्यंत आटवा आणि वरून सोडा. पाहुण्यांना वाटतं मुद्दाम केलंय. जास्त शिजून फुटलेला परत सुधारत नाही. तो गार करून, घट्ट दह्याबरोबर द्या. ओव्हनच बंद पडला असेल तर भिजवलेला ब्रेड जाड बुडाच्या पॅनमध्ये, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर. फळं मात्र त्यात घालू नका, वरून वाढा.